बांधणाऱ्यांचे शिक्षण : भोर घाट ते बालेवाडी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत समाजाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा अन्य मान्यवर घेतीलच. संपादक मंडळाने मला इतिहासविषयक लेख लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा वाटले की ज्या भवनात आपण हा महोत्सव साजरा करीत आहोत, त्या भवनाच्या, किंबहुना या सबंध पिंपरी-चिंचवड परिसराच्या उभारणीमागे जे ज्ञान आहे, त्याचा इतिहास थोडक्यात मांडावा. इमारती कोणी बांधविल्या हे आपण संगमरवरी फलकांवर लिहून ठेवतो. त्या बांधण्याचे ज्ञान कोणाजवळ होते, ते त्याने कोठे मिळविले आणि आज ते कोणास मिळते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

आपल्या परंपरेत बांधकामाला मोठे स्थान आहे. आबूच्या देलवाडा येथील विमलवसही १०३१ साली विमलशाह मंत्र्यांनी उभारली आणि लूणवसही १२३० साली वस्तुपाल-तेजपाल बंधूंनी. राणकपूरच्या मंदिराच्या बाबतीत तर धरणाशाह श्रेष्ठींबरोबर स्थपती देपा याचेही नाव इतिहासाने जपले आहे, ही दुर्मिळ गोष्ट होय. गुजरात-राजस्थानातील सोमपुरा घराण्यांत हे शास्त्र पित्याकडून पुत्राकडे आले. स्वातंत्र्यानंतर सोमनाथाचे मंदिर पुन्हा उभे राहिले, तेही प्रभाशंकर सोमपुरा यांच्या हातून. हे ज्ञान घरातच शिकले जाई. तेथे प्रमाणपत्र नव्हते, परंतु शिकवण अत्यंत काटेकोर होती.

मात्र व्यवसाय म्हणून बांधकामाकडे पाहताना आपल्या पूर्वजांच्या मनात एक संकोच होता, हेही नमूद केले पाहिजे. श्रावकाने वर्ज्य करावयाच्या पंधरा कर्मादानांत 'फोडीकम्म' म्हणजे स्फोटकर्म येते. भूमी खणणे, फोडणे यांत असंख्य जीवांची विराधना होते, म्हणून ते टाळावे असा तो उपदेश आहे. आपल्या समाजातील बहुसंख्य मंडळी कापड, किराणा, धान्य, सराफी अशा व्यवसायांत स्थिरावली, त्यामागे अनेक कारणे असतील. हा संस्कार त्यांपैकी एक असावा असे माझे मत आहे. आणि तरीही आधुनिक भारतातील बांधकाम उद्योगाचा पाया घालणाऱ्यांत अग्रभागी असलेले नाव एका महाराष्ट्रीय जैन कुटुंबातील आहे. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

पुणे परिसरात बांधकामाचे औपचारिक शिक्षण सुरू झाले ते १८५४ साली. त्या वर्षी जुलै महिन्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने एक वर्ग उघडण्यात आला. आज ज्या संस्थेचा तंत्रशास्त्र विद्यापीठ म्हणून गौरव होतो, तिचा हा आरंभ. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, हा वर्ग मोठे अभियंते घडविण्यासाठी नव्हता. इमारती, धरणे, कालवे, रेल्वे, पूल ही सरकारी कामे पार पाडण्यासाठी हाताखालचे कर्मचारी हवे होते. जागेवर उभे राहून मोजमाप घेणारे, हजेरी लिहिणारे आणि नकाशा वाचून गवंड्याला समजावून सांगणारे लोक तयार करणे हा त्याचा उद्देश होता. १८६४ साली त्याचे 'पूना सिव्हिल इंजिनिअरिंग कॉलेज' झाले, १८६६ साली ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न झाले आणि १९११ साली 'कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग' हे नाव रूढ झाले. येथूनच १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या प्रथम क्रमांकाने उत्तीर्ण झाले आणि पुढे १९०३ मध्ये खडकवासल्याच्या तलावावर त्यांनी स्वयंचलित दरवाजे बसविले. संस्थेची कीर्ती अशी उत्तरोत्तर वाढत गेली. परंतु ज्या हाताखालच्या माणसासाठी ती निघाली, तो माणूस हळूहळू तिच्या दारातून बाहेर गेला. पुढील दीडशे वर्षांचा इतिहास एका अर्थी या माणसाला पुन्हा शाळा मिळवून देण्याच्या प्रयत्नांचा आहे.

ती गरज किती निकडीची होती हे भोर घाटाने दाखवून दिले. मुंबई-पुणे लोहमार्गाचे घाटातील काम १८५६ साली सुरू झाले. खंडाळ्याच्या कड्यातून पंचवीस बोगदे, अनेक उंच पूल आणि सदतिसास एक असा चढ. पहिल्या ठेकेदाराच्या काळात, १८५९ च्या प्रारंभी, थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. पुढे त्या ठेकेदाराने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर अवघ्या काही दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने स्वदेशी परत न जाता ठेका स्वतःच्या नावे चालविला, अनुभवी अभियंते नेमले आणि काम तडीस नेले. १८६३ च्या एप्रिलमध्ये मार्ग खुला झाला. १८६१ च्या सुमारास या कामावर चाळीस हजारांहून अधिक मजूर होते, आणि पटकी, ताप व अपघात यांत किती दगावले याची गणना अंगावर काटा आणणारी आहे.

या प्रकरणात मला विशेष वाटते ते हे. दगड फोडण्याचे तंत्र दोन्ही ठेकेदारांकडे एकच होते, दारूही तीच होती. फरक पडला तो पगाराची वेळ, मालाचा पुरवठा, कामाची विभागणी आणि नेमलेल्या माणसांवर टाकलेला विश्वास यांमुळे. आज ज्यास बांधकाम व्यवस्थापन म्हणतात ते हेच. ॲलिसबाईंनी ते कोणत्याही महाविद्यालयात शिकले नव्हते.

याच काळात पुण्यातील एका देशी ठेकेदाराने बांधकामाचा धंदा आतून पाहिला. ते म्हणजे महात्मा जोतीराव फुले. समाजसुधारक म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'च्या माध्यमातून कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचे धरण या कामांशी त्यांचा ठेकेदार म्हणून संबंध होता, हे अनेकांस ठाऊक नसते. बांधकाम खात्यात मजुरांची कशी नागवणूक होते हे त्यांनी स्वतः पाहिले आणि त्यावर लिहिले. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत न्यावे आणि त्यात व्यवहारोपयोगी विषय असावेत, असा आग्रह आहे. मजुराला हिशेब वाचता आला तरच त्याची फसवणूक थांबेल, हे त्यांच्याइतके कोणास कळले असते?

आता शेठ वालचंद हिराचंद यांच्याविषयी. २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका धर्मनिष्ठ दिगंबर जैन कुटुंबात त्यांचा जन्म झाला. पिताश्री शेठ हिराचंद नेमचंद हे 'जैन बोधक' या मासिकाचे संस्थापक आणि समाजसुधारक. घरचा व्यवसाय कापूस, धान्य व सावकारीचा. वालचंदजी मुंबईच्या सेंट झेवियर्स आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले, परंतु पदवी पूर्ण झाली नाही. वडिलोपार्जित व्यापारात मन रमेना. तेव्हा लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. भांडवल आणि धाडस शेठजींचे, रेल्वेच्या कामाची माहिती फाटकांची. आमच्या बाजारपेठेत अशा भागीदारीला आजही 'एकाचा गल्ला, दुसऱ्याचा हात' असे म्हणतात.

या भागीदारीतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. दोघांपैकी एकही अभियंता नव्हता. तथापि निविदेचा दर काढताना किती ब्रास माती, किती गाडी खडी, किती दिवसांची हजेरी, पावसाळ्याचे किती महिने वाया जाणार आणि बिल मिळेपर्यंत रकमेवर किती व्याज चढणार, हे सारे त्यांना मनात मांडता येई. पुढे त्यांच्या कंपन्यांनी तानसा तलावातून मुंबईला पाणी आणणारे नळ टाकले आणि त्याच भोर घाटात, जेथे पूर्वी हजारो मजूर दगावले, नवे बोगदे खोदले. खंडाळ्याच्या घाटात गाडीला उलट फिरवून इंजिन बदलावे लागे ती गैरसोय १९२९ साली नव्या मार्गामुळे संपली. २७ जानेवारी १९२६ रोजी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन झाली. सिंधू नदीवरील कालाबागचा पूल, ब्रह्मदेशातील इरावती नदीवरील पूल आणि स्वातंत्र्यानंतर कोयनेचे धरण ही तिची कामे. जहाज, विमान, मोटार या उद्योगांतील शेठजींच्या कर्तृत्वाची येथे पुनरुक्ती करीत नाही. समाजातील प्रत्येक व्याख्यानात ते सांगितले जाते, बांधकामाविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही.

स्फोटकर्म वर्ज्य मानणाऱ्या परंपरेतील पुत्राने सुरुंग लावून डोंगर फोडावेत, याचा मेळ कसा घालावयाचा? शेठजींनी याविषयी काय विचार केला असेल ते सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु शास्त्राने साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींत एक आदान-निक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना व ठेवताना कोणास इजा होणार नाही अशी दक्षता घेणे, असा तिचा अर्थ. बांधकामाच्या जागेवर याहून योग्य नियम दुसरा कोणता असू शकेल? माझ्या दृष्टीने आजच्या श्रावकाने बांधकामापासून दूर पळण्यापेक्षा ही समिती बांधकामावर नेणे अधिक धर्माचे आहे. मतभेद असल्यास ज्येष्ठांनी अवश्य सांगावे.

शेठजींचे नाव शिक्षणाशीही जोडले गेले. १९४७ साली धोंडूमामा साठे यांनी सांगली येथे 'न्यू इंजिनिअरिंग कॉलेज' काढले, तेव्हा तेथे स्थापत्य अभियांत्रिकी ही एकच शाखा होती. ८ एप्रिल १९५३ रोजी शेठजींचे निधन झाले आणि १९५५ साली या महाविद्यालयास 'वालचंद' हे नाव मिळाले. ज्यांनी स्वतः पदवी घेतली नाही, त्यांच्या नावे हजारोंनी पदवी घेतली.

महाराष्ट्राच्या शिक्षणाला वळण देणारे दुसरे जैन महापुरुष म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. १८८७ साली कुंभोज येथे जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 'कमवा व शिका' हे सूत्र दिले. विद्यार्थी सकाळी शेतात राबे व दुपारी वर्गात बसे. अमेरिकेत १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावी पहिले सार्वजनिक कनिष्ठ महाविद्यालय निघाले आणि पुढे अशा संस्थांना 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव पडले. गावातल्या माणसाला गावातच, अल्प खर्चात, नोकरी सांभाळून दोन वर्षांचे शिक्षण, ही त्यांची कल्पना. सुतारकाम करणारा तिकडचा तरुण सायंकाळी तेथे जाऊन नकाशा वाचन, अंदाजपत्रक, वेळापत्रक, सुरक्षिततेचे नियम शिकतो आणि दोन वर्षांत पर्यवेक्षक होतो. आमच्या कर्मवीरांनी साताऱ्याच्या माळावर जे केले ते याच जातीचे होते, केवळ त्यास कोणी इंग्रजी नाव दिले नाही.

आता आपल्या परिसराकडे येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डीची जिरायती शेते कारखान्यांना गेली. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२ साली महानगरपालिका. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या ५ लाख १७ हजार होती, २००१ मध्ये १० लाख १२ हजार आणि २०११ मध्ये १७ लाख २७ हजार. वीस वर्षांत तिपटीहून अधिक! या प्रत्येक माणसाला छत हवे होते. दरम्यान चाकण, जे पूर्वी कांद्याच्या बाजारासाठी आणि १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध लढविलेल्या संग्रामदुर्गासाठी ओळखले जाई, तेथे मोटारींचे कारखाने आले. २००९ साली फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ या जर्मन कंपन्यांचे प्रकल्प चाकणला सुरू झाले.

कारखान्यांत काम करणाऱ्या मुलांसाठी शिक्षणाची सोय झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्था होत्या, १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा होता. १९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. १९९० साली शंकरराव पाटील यांच्या पुढाकाराने पिंपरी-चिंचवड एज्युकेशन ट्रस्ट स्थापन होऊन निगडी प्राधिकरणात तंत्रनिकेतन निघाले. फिटर, टर्नर, टूल अँड डाय मेकर यांना या गावात मान मिळाला. त्यांच्या लग्नाचा बस्ता बांधताना मी स्वतः तो मान पाहिला आहे. 'मुलगा टेल्कोत आहे' असे सांगताना मुलीच्या वडिलांचा आवाज बदलत असे आणि साडीची किंमतही. 'मुलगा बांधकामावर मुकादम आहे' असे अभिमानाने सांगणारे वडील मात्र माझ्या दुकानात आले नाहीत. वास्तविक त्या फिटरचे घर याच मुकादमाने बांधलेले असे.

बांधकाम व्यवस्थापनाच्या उच्च शिक्षणाचे एक मोठे केंद्र आपल्या अगदी शेजारी आहे. देशातील बांधकाम उद्योगाने पुढाकार घेऊन १९८३ साली 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट अँड रिसर्च', म्हणजेच 'निकमार', ही संस्था स्थापन केली. तिचा परिसर वाकडच्या पलीकडे, मुळा नदी ओलांडली की लागणाऱ्या बालेवाडीत आहे. २०२२ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतलेले तरुण येथे येतात आणि प्रकल्पाचे नियोजन, करार, वित्त, यंत्रसामग्री, दर्जा, सुरक्षितता हे विषय शिकतात. नोकरी करणाऱ्यांसाठी दूरशिक्षणाचे अभ्यासक्रमही संस्थेने चालविले.

या शास्त्रात नेमके काय असते, हे व्यापारी बांधवांसाठी थोडे विशद करतो, कारण मी वाणिज्य शाखेचा असूनही मला ते परके वाटले नाही. एक इमारत म्हणजे शेकडो कामांची साखळी असते. पायाभरणीपूर्वी खोदाई, स्लॅबपूर्वी सेंटरिंग, प्लॅस्टरपूर्वी विजेच्या नळ्या. यांतील काही कामे चार दिवस पुढे गेली तरी चालते आणि काही एक दिवस लांबली तरी सगळी इमारत एक दिवस लांबते. अशा अडून राहणाऱ्या कामांची सलग वाट शोधून काढण्याची रीत अमेरिकेत १९५७-५८ च्या सुमारास, एकीकडे रासायनिक कारखान्यांच्या देखभालीसाठी आणि दुसरीकडे नौदलाच्या क्षेपणास्त्र प्रकल्पासाठी, विकसित झाली. तिला 'क्रिटिकल पाथ' म्हणतात. आम्ही दिवाळीचा माल भरताना हेच करतो. सुरतेचा ट्रक दोन दिवस उशिरा आला तर चालतो, पण शिवणाऱ्याकडे कापड उशिरा गेले तर हंगाम गेला. मोजमाप पुस्तक म्हणजे आमची रोजकीर्द, चालू बिल म्हणजे खातेउतारा. ज्याला खतावणी समजते त्याला बांधकामाचे अर्धे व्यवस्थापन समजले म्हणावयास हरकत नाही.

उरलेले अर्धे मात्र हिशेबाने समजत नाही, आणि तेच जिवाशी संबंधित आहे. भारतीय मानक ४५६ सांगते की साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान सात दिवस पाणी मारले पाहिजे, मिश्र सिमेंट असेल तर दहा दिवस. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू सर्वसाधारणपणे सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे चौदा दिवस काढता येत नाहीत. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांनी तपासली जाते. हे नियम अभियंत्याला पाठ असतात. परंतु शनिवारी सायंकाळी टेकू काढावयाचे की नाही, हे प्रत्यक्षात ठरवितो मुकादम. बाल्यावस्थेत थापी हातात घेतलेला, बिगाऱ्याचा गवंडी आणि गवंड्याचा मुकादम झालेला हा माणूस ओळंबा आणि गुण्या यांत कोणत्याही पदवीधराला हरवील. फक्त सात आणि चौदा या आकड्यांमागचे कारण त्याला कोणी सांगितलेले नसते.

२९ जुलै २०१६ रोजी त्याच बालेवाडीत बांधकाम चालू असलेल्या इमारतीचा स्लॅब कोसळून ९ मजूर ठार झाले. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात संरक्षक भिंत मजुरांच्या झोपड्यांवर कोसळून १५ जणांचा बळी गेला, त्यांत लहान मुले होती. २४ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्या भोसरीत मजुरांच्या वसाहतीतील पाण्याची टाकी फुटून ५ जण गेले. ते सकाळी टाकीखाली आंघोळीला जमले होते. या दुर्घटनांचे दायित्व ठरविणे हे न्यायालयाचे काम असून त्यात मी शिरत नाही. माझे म्हणणे एवढेच की देशातील एका अग्रगण्य बांधकाम व्यवस्थापन संस्थेपासून या तिन्ही जागा एका तासाच्या अंतरावर आहेत. ज्ञान येथे होते. ते शिडीच्या वरच्या पायरीवर होते आणि माणसे खालच्या पायरीवर होती.

मधल्या पायऱ्या बसविण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नव्हे. १९८९ साली नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने स्थापत्य पर्यवेक्षकासारखे अभ्यासक्रम मराठीतून आणले, ही फार मोलाची कामगिरी होय. १९९६ साली बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी केंद्राने कायदा केला आणि बांधकाम खर्चावर उपकर बसविला. महाराष्ट्रात मंडळ स्थापन होईपर्यंत २०११ उजाडले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजांची योजना आखली. २०१५ साली कौशल्य विकास योजनेत पूर्वीच्या अनुभवाला प्रमाणपत्र देण्याची तरतूद आली. २०१७ साली किवळे येथे सिम्बायोसिसचे कौशल्य विद्यापीठ सुरू झाले. पुण्यातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेने 'कुशल' या उपक्रमातून जागेवरच मजुरांना प्रशिक्षण देण्यास आरंभ केला. यादी मोठी आहे. तरीही सकाळी साडेआठ वाजता डांगे चौकातील मजूर अड्ड्यावर उभे राहून कोणास विचारावे, 'तुमच्यापैकी किती जण यांतील एखाद्या वर्गाला गेले?' मी विचारले आहे. मराठवाड्यातील एका गवंड्याने मला उलट विचारले, 'शेठ, वर्ग किती वाजता असतो?' वर्ग सकाळी अकराला होता.

सगळी अडचण या एका उत्तरात आहे. जो दिवसा शिकू शकतो त्याला गरज नाही, आणि ज्याला गरज आहे तो दिवसा शिकला तर त्या दिवसाची हजेरी जाते. त्यात भाषेची भर. आज आपल्या भागातील साइटवर विजापूर-कलबुर्गी, बिहार, बंगाल, छत्तीसगड येथील माणसे आहेत. पुस्तके एक तर इंग्रजीत, नाही तर अशा मराठीत की जी मराठी गवंड्यालाही कळू नये. 'आवरण', 'आधारक', 'प्रबलन' हे शब्द कोणत्या साइटवर चालतात? तेथे कव्हर, टेकू आणि सळई म्हणतात. शब्द शुद्ध असावेत हे मान्य, पण स्लॅब पडल्यावर शुद्ध शब्दांचा उपयोग नाही.

आपल्या भवनाच्या बांधकामाचे कागद ट्रस्टच्या कपाटात आहेत. या लेखानिमित्त मी ते पाहिले. देणगीदारांच्या नोंदी सुवाच्य अक्षरात आहेत. त्याच गठ्ठ्यात मजुरांची हजेरीवही आहे. तीत नावे आहेत, दिवस आहेत, रोज आहे आणि प्रत्येक नावापुढे शाईचा अंगठा आहे. एका पानावर एका गवंड्याने मात्र अंगठ्याऐवजी मोडक्या अक्षरात सही केली आहे. पुढील आठवड्यापासून त्याचा रोज वाढलेला दिसतो आणि हुद्द्याच्या रकान्यात 'मिस्त्री' असे आहे. सही करता येत होती म्हणून बढती मिळाली, की आणखी काही कारण होते, हे वही सांगत नाही.

सुवर्णमहोत्सवी निधीचा विनियोग कसा करावा, याविषयी कार्यकारिणीत विचार सुरू आहे. भवनाच्या विस्ताराचा, अतिथिगृहाचा आणि वैद्यकीय मदतनिधीचा प्रस्ताव आहे. तिन्ही योग्यच आहेत. मी चौथा मांडत आहे. भवनाचे तळमजल्यावरील सभागृह चातुर्मासातील प्रवचनाचे दिवस व लग्नसराई वगळता सायंकाळी सात ते नऊ रिकामे असते. तेथे आठवड्यातून तीन दिवस, मिस्त्री व मुकादम यांच्यासाठी बांधकाम पर्यवेक्षणाचा एक वर्षाचा वर्ग चालविता येईल. नकाशा वाचणे, माल मोजणे, हजेरी व बिल लिहिणे, काँक्रीट व सेंटरिंगचे नियम आणि सुरक्षितता, एवढेच विषय. प्रमाणपत्रासाठी मुक्त विद्यापीठाकडे अभ्यासकेंद्राची चौकशी करावी. आपल्या समाजात निवृत्त स्थापत्य अभियंते आहेत आणि त्यांचा दिवस मोठा आहे. मुले बरोबर येतील, तर त्यांच्यासाठी पाठशाळेची खोली उघडावी. सूर्यास्तानंतरच्या भोजनाचा प्रश्न उपस्थित होईल हे मी जाणतो. चहा व फुटाण्यांची सोय भवनाबाहेर करता येईल, तो खर्च माझ्याकडे असावा.

जे समाजबांधव बांधकाम व्यवसायात आहेत त्यांना माझी एक स्वतंत्र विनंती आहे. वर्गाच्या तीन सायंकाळी मिस्त्रीला साडेसहाला सोडावे आणि त्याची हजेरी पूर्ण मांडावी. याविना पहिल्या महिन्यातच वर्ग ओस पडेल. अशी हमी पाच जणांनी लेखी दिली तर कार्यकारिणीपुढे हा विषय ठेवता येईल, असे अध्यक्ष महोदयांनी मला सांगितले आहे. हा लेख छपाईस जाईपर्यंत तिघांच्या सह्या झाल्या आहेत. कागद दुकानात, गल्ल्याजवळ ठेवला आहे.